मुनेवेराबाईंची जबानी

बोस्नियाच्या युद्धात साराजेवो शहराला पडलेला वेढा ज्यांनी पाहिला त्यांच्या जबान्या आमच्या कचेरीत मुनेवेराबाई टाइप करायच्या. वीस वर्षं तेच काम. लोक यायचे, कॉफी गार होईपर्यंत बोलायचे आणि एखाद्या शब्दापाशी अडायचे. मग बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "सोसलंत म्हणू, भोगलंत म्हणू, की नुसते दिवस काढलेत?"

एक म्हातारा म्हणाला होता, "काढले लिही, बाई. सोसायला मी काय संत लागून गेलोय?" बाईंनी तसंच लिहिलं. शब्द चुकला तर अख्खं पान फाडून नवं घालायच्या. आम्हाला वैताग यायचा, खोटं कशाला बोलू!

स्वतःची जबानी मात्र त्यांनी दिलीच नव्हती. निवृत्तीच्या आठवड्यात मी खनपटीला बसले. साक्षीला घरचं माणूस लागतं, म्हणून त्या आईला, हातिजाबाईंना, घेऊन आल्या. टाइप करायला मी बसले.

"लिही, 'वेढ्यातून वाचले'," बाई म्हणाल्या. आणि लगेच, "नको, खोड. 'तग धरला' लिही." तेही खोडायला लावलं. "'निभावलं'... छे!"

"अहो, दुसऱ्यांना चुटकीसरशी शब्द देता," मी म्हटलं, "मग आता कुठे घोडं अडलं?"

हातिजाबाई फिस्सकन हसल्या. "लहानपणापासून अशीच. चपला घ्यायला गेली तरी दुकान पालथं घालायची."

बाई हसल्या नाहीत. आईकडे न बघता म्हणाल्या, "शब्द राहू दे. लिही, त्या सकाळी पाणी आणायची पाळी माझी होती. मी अंथरुणातून उठले नाही. गेला माझा धाकटा भाऊ, नेजिब. पाण्याच्या रांगेवर तोफगोळा पडला. पाळी त्याचीच होती, असं मी आईला सांगितलं."

एवढं पोटात ठेवून ही बाई रोज आमच्यात बसून कॉफी पीत होती! मला तिचा रागही आला आणि आत कुठेतरी तुटलंही.

"माहितीय मला," हातिजाबाई म्हणाल्या. "त्याला मीच उठवलं. तू रात्रभर खोकत होतीस, नुकता कुठे डोळा लागला होता तुझा. बादल्या मीच दिल्या त्याच्या हातात."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू कुठे बोललीस?"

दोघी एकाच घरात राहतात. मी सगळं जसंच्या तसं टाइप केलं आणि कागद पुढे सरकवला. हजारो लोकांना सहीची जागा बोटाने दाखवलेल्या मुनेवेराबाईंनी मला विचारलं, "सही कुठे करू गं?"