मागून जेवणारी शेवंतावहिनी

दादा आला तेव्हा मी वाशीमला डी.एड.च्या वर्गात पाठाची टाचणं काढत बसले होते. शिपायाने दारातून नाव पुकारलं. बाहेर जाऊन पाहते तर दादा व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा. वहिनी तिथल्याच सरकारी दवाखान्यात होती. आदल्या संध्याकाळी मी तिला भेटून आले होते. तापाने तोंड सुकलं होतं, पण माझी रिबीन मळली म्हणून ती मला रागावलीसुद्धा होती. त्यामुळे मनात काही वाईट आलंच नाही. मी विचारलं, "सुट्टी देल्ली का वैनीले?" "गेली ना वं पुष्पे..." दादा एवढं बोलला आणि खाली बसला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "ताप साधाच व्हता म्हने. बाईच्या अंगात रक्तच नोतं. डाक्तर मले इचारे, घरी खायाले नाई का तुमच्या?" दादाने काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.

खायला होतं. हेच तर सांगायचंय, आणि सांगताना मान वर होत नाही. आमचं घर जऊळक्याचं, स्टेशनाच्या अलीकडे. बाबा रेल्वेत गँगमन होते. आता पेन्शनीत निघाले. दादा शेती पाहतो. घरात ज्वारीची कणगी भरलेली, तुरीची डाळ घरची, दारात म्हैस. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून त्यांचं एक वाक्य आम्ही जेवताना ऐकत आलो, "आता कोनाच्या दारात उरलंसुरलं मांगाचं नाई. आपल्या घरी शिजवाचं अन् पोटभर जेवाचं." पोटभर जेवणारं घर हा बाबांचा अभिमान होता. पाहुणा आला की ते त्याला दोन भाकरी जास्तच वाढायला लावत, आणि वहिनी चुलीपुढून उठून वाढत असे.

शेवंतावहिनी केनवडची. सातवी पास. आमच्या गल्लीत सातवी झालेली सून दुसरी नव्हती, म्हणून बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर विहाराच्या खोलीत बालवाडी निघाली तेव्हा ती हिलाच मिळाली. सकाळी सुकडी भाजायची, पोरांना वाटायची, गाणी म्हणायची. हे सगळं तिला सहज जमलं. नाकी नऊ आले ते वजनाच्या कामात. आरोग्य केंद्राच्या सिस्टरांनी काटा आणून दिला होता. तो आढ्याला टांगायचा, त्याला कापडाची झोळी, झोळीत लेकरू. दर महिन्याला प्रत्येकाचं वजन करून कार्डावर टिंब द्यायचं. कार्डावर तीन पट्टे होते, हिरवा, पिवळा, लाल. खोलीच्या भिंतीवर मोठा तक्ता लावलेला, त्यावर सगळ्या पोरांची नावं आणि नावापुढे त्या त्या रंगाचा ठिपका. दर तीन महिन्यांनी कार्डावरचे आकडे एका लांबलचक फॉर्मवर उतरवून शहरात पाठवायचे. तिथे म्हणे ते एका मशीनीत घालत, आणि कोणत्या गावाला किती खुराक लागतो ते मशीन सांगत असे.

वजन करून घ्यायला बायका तयार कुठे होत्या! "तोललेलं लेकरू वाळते" म्हणत. नजर लागते म्हणत. आमची आईच सगळ्यांच्या पुढे. बाबा ओरडायचे, "अवं, ते सारं आपन सोडलं ना!" आई म्हणायची, "तुमी सोडलं असन. माह्या नातीले टांगू नोका." वहिनीने मग एक युक्ती केली. आकडा मोठ्याने वाचायचाच नाही. झोळीत लेकरू ठेवायचं, गालावर काजळाचं बोट लावायचं, काट्याकडे बघायचं आणि गुपचूप लिहून टाकायचं. तिला कुणी विचारलं, "किती भरलं वं?" तर म्हणायची, "मशीनीले सांगतो, तुले कायले सांगू?" बायका हसायच्या आणि पुढचं लेकरू द्यायच्या. मीसुद्धा तिला चिडवायचे, "वैनी, तुमची मशीन भाकर खाते का पोया?" ती म्हणायची, "आकडे खाते. खोटे आकडे खाल्ले का तिचं पोट दुखते म्हने."

दादाची मुलगी सुजाता तेव्हा दीड-दोन वर्षांची. नाव बाबांनी ठेवलेलं. बुद्धाला खीर देणारीचं नाव आपल्या घरी पाहिजे, म्हणाले. वहिनी बालवाडीत जाई तेव्हा सुजाता माझ्या आईजवळ घरी राहायची. बालवाडीतली सुकडी वहिनीने तिला कधी दिली नाही. लोक बोलतील, सरकारचा माल घरी चारते म्हणतील, ही तिला भीती. वजन मात्र तिने आईची समजूत काढून पहिल्यापासून केलं, इतरांची करायची तर घरचं आधी, म्हणून. सुरुवातीला सुजाताचा ठिपका पिवळा होता. मग एका महिन्यात तो लाल झाला, आणि वहिनीने तो लालच लावला.

तो लाल ठिपका घरात कुणालाच माहीत नव्हता. कळला तो सिस्टर आल्या त्या दिवशी. खोली बायकांनी भरलेली. बाबा विहाराचे जुने कार्यकर्ते म्हणून त्यांना खुर्ची दिलेली. मी शाळा बुडवून दाराशी उभी. सिस्टर तक्त्यावरून बोट फिरवत होत्या. लाल ठिपके मजुरांच्या पोरांचे असतील असंच सगळ्यांना वाटत होतं. ती पोरं बहुतेक पिवळ्यात होती, एकदोन तर हिरव्यात. सिस्टरांचं बोट थांबलं. "ही सुजाता कोणाची?"

वहिनीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "माही," म्हणाली.

मागून एक बाई फिस्सकन हसली. "अगो माय! खुराक वाटनारीचंच लेकरू सुकलं का?" मग सगळ्याच हसल्या. मला जमीन दुभंगावी असं झालं. बाबांच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती. सिस्टरांनी फॉर्म काढला. त्यात वजन कमी असण्याचं कारण लिहायला एक रकाना होता आणि कारणांना नंबर दिलेले होते. त्या एकेक वाचायला लागल्या. आजारी असते? नाही. घरी दूध नाही? आहे. कामधंदा नाही? बाबांकडे बघून त्यांनी स्वतःच पुढचा नंबर घेतला. शेवटी पेन टेकवून म्हणाल्या, "मग बाई, मी लिहू काय?" वहिनी खाली बघून म्हणाली, "ते झोपून जाते, सिस्टर. आधी मामाजी, हे, पुष्पाबाई जेवतात. मंग आत्याबाई. मंग मी बसतो. लेकरू माह्यासंगंच जेवते ना... तवर ते झोपलेलं राह्यते." सिस्टरांच्या फॉर्मात याला नंबर नव्हता. त्यांनी 'इतर' लिहिलं.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते अजून कानात आहे. बाबा आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी चढवला. "साऱ्या गावासमोर नाक कापलं. ते नाव पुसून टाक बोर्डावरून." वहिनी भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "पुसतो ना, मामाजी. पन लेकराले कसं पुसू?" आईने कपाळावर हात मारला. सून सासऱ्याला उलटून बोलते, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. मी मात्र बाबांच्याच बाजूने होते. दुसऱ्या दिवशी शाळेत मला सगळे 'लाल पट्टीवाली' म्हणणार, ही माझी काळजी. वहिनीशी मी अबोला धरला. तिने वाढलेलं ताट मात्र मुकाट्याने ओढून घेत होते.

बाबांनी पुढे काय केलं तेही सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. काही दिवसांनी एका संध्याकाळी पाटावर बसल्यावर त्यांनी सुजाताला हाक मारली, मांडीवर घेतलं, आपल्या ताटातली भाकर दुधात कुस्करली आणि तिला भरवायला लागले. गँगमनचा हात, घास केवढाले! अर्धा तिच्या तोंडात, अर्धा धोतरावर. आई म्हणाली, "अहो, लेकराले ठसका लागन." बाबा म्हणाले, "लागू दे. आदी जेवू दे." तेव्हापासून सुजाता त्यांच्याबरोबर पहिल्या पंगतीला बसायला लागली. पावसाळा संपेपर्यंत पिवळा ठिपका, आणि होळीच्या आसपास हिरवा. बाबांनी तक्ता पाहायला स्टेशनमास्तरांनासुद्धा आणलं. "माही नात," म्हणून ते त्या ठिपक्यावर बोट ठेवायचे. बाबांचं बघून गल्लीतल्या आणखी दोनचार घरांत पोरं आधी जेवायला लागली. सिस्टर म्हणाल्या, तुमच्या गावचा फॉर्म बघून शहरातल्या साहेबांनी विचारलं, इथे काय वेगळं केलं? आम्ही सगळे फुशारलो. गेलेलं नाक परत आलं होतं ना!

आणि वहिनी? तिचं जेवण होतं तिथेच राहिलं. सगळ्यांच्या मागून. उलट आता सुजाता तिच्याबरोबर नसल्याने तिला एकटीसाठी नव्याने काही करायला कारणच उरलं नाही. भाजी संपली तर मीठ-मिरची, भाकर संपली तर पाणी. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या. विहिरीवरून येताना ती मधे दोनदा घागर टेकवून बसायची. चुलीच्या कडेची माती ती नखाने खरवडून तोंडात टाकायची, आणि मी... मी तिला हसायचे. "वैनी, चूल ठेवजा बरं शिल्लक!" ती पण हसायची. "भाजल्या मातीचा वास लय गोड लागते वं." वाशीमला आरोग्यशास्त्राच्या तासाला कळलं, अंगात रक्त कमी झालं की बायकांना अशी माती खावीशी वाटते. मी ते वहीत उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तिने वाढलेलं जेवले आणि परत आले. दोन्ही गोष्टींची गाठ माझ्या डोक्यात पडली नाही. माझ्या शिक्षणाची मला लाज वाटते ती इथे.

तिचं कार्ड नव्हतं. कार्डं पोरांची होती. झोळीही पोरांचीच. एवढी वर्षं तिने गावाची लेकरं तोलली, पण तिचं वजन कुणी विचारलं नाही, मशीनीने नाही आणि आम्हीही नाही. मशीनीला काय म्हणायचं? तिला आम्ही जे दिलं नाही ते ती कुठून सांगणार. आम्ही तर वहिनीच्याच हातचं खात होतो.

मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी केनवडहून वहिनीची आई आली. वंदना झाली, लोक पांगले. म्हातारी ओट्यावर बाबांच्या समोर येऊन बसली. रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "भाऊ, एक इचारू? माही शेवंता तुमच्याकडं जेवे का?" बाबा सभेत अर्धा तास बोलतात. पण त्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "वाढताना पाह्यलं, बाई. जेवताना नाई पाह्यलं." म्हातारीने मान हलवली आणि सुजाताला जवळ ओढून घेतलं.

पाहुणे गेल्यावर मी घरीच थांबले. स्वयंपाक आता मी करते. पहिल्याच संध्याकाळी भाकरी झाल्या, सुजाताला भरवलं, बाबांचा पाट मांडला, हाक मारली. ते आले, पण पाटावर बसले नाहीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "आज तुमी दोघी आदी. पुष्पे, तुह्या मायचं ताट कर." आईला काही कळेचना. "अन् तुमी?" म्हणून ती उठायला लागली, तर बाबांनी हातानेच बसवलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून आई कधी त्यांच्या आधी जेवलेली नाही. शेवंतावहिनी यायच्या आधी सगळ्यांत मागून जेवणारी तीच होती, हे मलाही त्या घडीला पहिल्यांदा सुचलं. वहिनी जिथे चुलीच्या अंगाला बसायची तिथेच मी आईचं ताट ठेवलं. आईने भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, आणि तो तोंडाकडे जाईना. ती हळूहळू भिंतीकडे वळली, बाबांकडे पाठ करून बसली.

"नाई जमत," ती भिंतीकडेच बघत म्हणाली. "मले लाज वाटून राह्यली."

उंबऱ्यावरून बाबा म्हणाले, "मले बी."