जाकड घेतलेल्या गोळ्या

अमडापूरच्या बाजारात बसणाऱ्या औषधविक्याने मला फसवले. झाडपाल्याचे औषध म्हणून त्याने मला भलतेच खाऊ घातले. हे कळले तेव्हा मी चिखलीच्या दवाखान्यात खाटेवर होतो.

"शेटजी, हा झाडपाला नव्हे, थायरॉइड दिसतो," गोळी हातात घेऊन डॉक्टर म्हणाले. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी. मेंढ्यांची ती ग्रंथी वाळवून गोळ्या करतात. "बारीक व्हायला शहरात हल्ली खूप लोक खातात. चरबी जळते, पण हृदयही ऊर फुटेस्तोवर पळते."

डोक्यावर गाठोडे घेऊन गावोगाव लुगडी विकायचो तेव्हा मी काटक होतो. दुकान झाले, गादीवर बसलो आणि अंगाने सुटलो. उठताना आधार लागू लागला.

औषधविक्याने हे हेरले. "कितीबी खा, बाधत नाही. तुमी लुगडं जाकड देता, म्या गोळ्या जाकड देतो. पुढच्या बाजारापर्यंत फरक नाही पडला तं बाटली वापस."

जाकड म्हणजे पसंत पडला तरच ठेवायचा माल. मुदत एका बाजाराची. तेवढ्यात पारख व्हावी म्हणून मी दुपटीने गोळ्या खाल्ल्या. अंगरखा सैल झाला. खूश होऊन दुसरी बाटली घेतली.

मग हात कापू लागले. गज धरून कापड मोजवेना. थंडीत घाम फुटे. बायकोने छातीवर हात ठेवला आणि घाबरली. "अवो, आत कोंबडं फडफडून राह्यलं जसं! काऊन बोलत नाही तुमी? मी दमणी जुंपायले सांगते."

नको म्हणून तिच्यावर ओरडायलाही मला दम उरला नव्हता; तिने मला दमणीत घालून चिखलीला आणले.

डॉक्टर माझे मनगट धरून घड्याळ पाहत राहिले. गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून मी त्याच्या मनातला भाव सांगतो. त्या चेहऱ्यावरून मात्र मला काही कळेना.

"गोळ्या बंद. नुसते पडून राहा. हृदय थकले नसेल तर ठोके उतरतील."

"आणि थकलं असंल तं?"

ते पुढच्या खाटेकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस करायला माझ्याकडे काही नव्हते. छत पाहत मी ठोके ऐकत राहिलो. एखादा चुकला की वाटे, संपले.

ठोके हळूहळू उतरले. डॉक्टरांचे आणि बायकोचे उपकार फिटणार नाहीत. हे वाचणाऱ्यांनो, अशा गोळ्यांनी कपडे सैल झाले म्हणून हरखू नका. हात कापले, छाती धडधडली, की त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुकानात परतलो तर बीबी गावची एक बाई आली. कडेवर अंगावर पिणारे लेकरू, हातात तीच बाटली. "शेटजी, तुमी ह्याच गोळ्यांनं बारीक झाले ना? त्यानं तुमचंच नाव सांगतलं."

बाटली हिसकावून मी तिला चिखलीला धाडले. पण ती एकटीच असेल का? माझे उतरलेले अंग दाखवून त्याने किती घरांत हे विष दिले? बाजाराच्या पंचांनी त्याला ओट्यावर बसू दिले. आता त्यांनीच त्याला माझ्यासमोर उभे करावे. त्या घरांची नावे मला हवीत, एकूण एक, आणि कुणाचे हृदय थांबण्याआधी हवीत.