पाठीवरून माणूस ओळखू येत नाही

आमच्या केंद्राचा पहिला नियम, नाव बाहेर न्यायचं नाही. त्यामुळे होतं काय, नावं कपाटात बंद राहतात आणि किस्से मोकाट सुटतात. चहाला बसलं की एकाला लागून दुसरा येतो. हे त्यातलेच. नावं अर्थातच बदललेली.

केंद्र म्हणजे महाडमधल्या दोन खोल्या. सुट्टीवर आलेले जवान, निवृत्त फौजी आणि त्यांच्या घरची माणसं, यांच्यासाठी एचआयव्हीची तपासणी, सल्ला, औषधं. युनिटमध्ये सगळं शिस्तीत चालतं. पण जवान सुट्टीवर पोलादपूरच्या डोंगरात घरी आला की गोळ्या चुकतात, आणि बायकोची तपासणी तर राहूनच जाते. ही फट बुजवायची म्हणून मी परदेशातलं शिक्षण संपवून परत आले. इथल्याच बिरवाडीची पोरगी, फौजेचं आरोग्य सुधारणार! जोडीला एकच माणूस, निवृत्त सुभेदारसाहेब.

* * *

पहिल्या दिवशी बाहेरच्या खोलीचं दार उघडलं आणि थबकले. सगळ्या खुर्च्या भिंतीकडे तोंड करून. त्यांवर माणसं. माझ्याकडे नुसत्या पाठी! कुणी वळेना, कुणी हलेना.

"यांना शिक्षा केलीय का?" मी कुजबुजले.

"नाही मॅडम. पाठीवरून माणूस ओळखू येत नाही."

या आजाराची लाज कशी घालवावी, यावर मी अख्खा प्रबंध लिहिलेला. खुर्च्या फिरवून टाकल्या. पुढच्या आठवड्यात खोली रिकामी! मुकाट्याने पुन्हा भिंतीकडे वळवल्या, तेव्हा माणसं परत आली.

एकदा या टोकाचा माणूस खोकला. त्या टोकाची पाठ ताठ झाली.

"दादा?"

खोकला तिथेच दाबला गेला.

"आयेला सांगू नको," या टोकाने म्हटलं.

"तू पण नको सांगू."

दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही.

* * *

एका गावच्या समाजमंदिरात संध्याकाळी माझं भाषण होतं. समोर सुट्टीवरचे जवान, मागच्या टेबलावर कंडोमचं उघडं खोकं. लागेल त्याने न्यावं, असं मी सांगितलं. लगेच सरपंच उठले.

"म्याडम, आमच्या गावात असलं कोणाला लागत नाय!"

तेवढ्यात लाइट गेली. मिट्ट काळोख. खुर्ची सरकली नाही, चप्पल वाजली नाही, कुणी शिंकलंसुद्धा नाही. लाइट आली. सगळे जागच्या जागी, हाताची घडी घालून.

खोकं रिकामं!

"भूत असंल," सरपंच पुटपुटले.

सुभेदारांनी खोक्यात डोकावून बघितलं. "फौजी भूत आहे मॅडम. हालचाल कळली नाही."

* * *

प्रकाश फौजेत नाईक. युनिटमधल्या तपासणीत त्याचा निकाल पॉझिटिव्ह आला, औषधं सुरू झाली, मग तो सुट्टीवर आला. घरी बायको सुनंदा, तिला तिसरा महिना. प्रकाशने तिला अजून सांगितलं नव्हतं. सुनंदाची तपासणी वेळेत झाली आणि लागलं तर औषध सुरू झालं, तर बाळ वाचवता येतं. तपासणीच झाली नाही तर... ते वाक्य मी त्याच्यापुढे कधी पूर्ण केलं नाही.

मीच सुनंदाला भेटायला त्याच्या वाडीवर जायचं ठरवलं. सुभेदारांना घेऊन चढले. दाट धुकं, माणूस दिसेना, मोबाईलला रेंज नाही. फक्त आमच्या पुढे पुढे एकेक दार लागल्याचा आवाज येत होता.

प्रकाशच्या ओटीवर दोन कप चहा तयार. वाफाळता!

"दोघंच ना तुम्ही?" त्याची आई म्हणाली. "सून म्हायेरी गेलीय."

आत बांगड्या किणकिणल्या.

"मांजर हाय," म्हातारी म्हणाली.

"मांजर बांगड्या घालते?" सुभेदारांनी विचारलं.

"आमची घालते."

* * *

मग प्रकाशची प्रॅक्टिस घ्यायची ठरली. केंद्रात एक रिकामी खुर्ची त्याच्यासमोर ठेवली. सुभेदार म्हणाले, "ही सुनंदा. सांग तिला."

मला हसू येत होतं. पण तो खरंच बोलायला लागला. हळू, खाली मान घालून, सगळं. मग थांबला. खुर्चीकडे बघत राहिला. ऐकत असल्यासारखा. दोनदा मान हलवली.

सुभेदारांचा आवाज एकदम बारीक झाला. "काय म्हणते?"

"म्हणते, मला ठावं हाय."

ती खुर्ची उचलायला आम्ही दोघंही पुढे झालो नाही.

सुट्टी संपली. वीर स्टेशनवरून त्याचा फोन आला. "ताई, घरी सांगितलं. रडली नाय, भांडली नाय. उठली आणि वाडीतल्या बायांना हाक मारायला गेली."

"कशाला?"

गाडी आली. फोन कट!

* * *

दोनच दिवसांनी सकाळच्या एसटीने सहा बायका आल्या. पदर नाकापर्यंत ओढलेला. एका ओळीत आत आल्या, एका ओळीत बसल्या. भिंतीकडे तोंड करून नाही, माझ्याकडे.

"नाव?"

"सुनंदा."

दुसरीला विचारलं. "सुनंदा."

तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. सुनंदा! नवऱ्याचं नाव सगळ्यांचं प्रकाश. आवाज इतका सारखा, की एकच बाई जागा बदलून बोलतेय असं वाटावं. मी सुनंदाचा चेहरा कधी पाहिलेला नव्हता, आणि ओळखपत्र मागायचं नाही हा आमचाच नियम. पोट अजून कुणाचंच दिसत नव्हतं.

"अहो, मला एकीचीच तपासणी करायचीय," मी म्हटलं.

"सगळ्यांचीच करा," ओळीतून आवाज आला. कुणाचा, कळलं नाही.

प्रत्येकीला नंबरची चिठ्ठी दिली, बोटातून रक्त घेतलं. मी आतल्या खोलीत निकाल बघत असताना त्यांनी सहाही चिठ्ठ्या गोळा करून सुभेदारांच्या टेबलावर ठेवून दिल्या. पालथ्या.

"मॅडम, माझ्या डोळ्यांदेखत केलं," सुभेदार म्हणाले. "कुठली चिठ्ठी कुणाची, आता सांगता यायचं नाही."

निकाल पॉझिटिव्ह आला होता. एकीचा नाही, दोघींचा.

निकाल ज्याचा त्याला एकट्यालाच सांगायचा असतो. मी दोनदा पाणी प्यायले. मग दार उघडलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात हाक मारली, "सुनंदा."

सहाही जणी उठल्या. एकापाठोपाठ एक आत आल्या, आणि शेवटचीने दार लावून घेतलं.