महिनाभर थांबू

त्यांचं खरं आडनाव कार्यालयाच्या कागदांत कुठेतरी असेल, पण विद्यापीठात सगळे त्यांना फळेबाईच म्हणत. तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत समोरासमोर दोन मोठे फळे होते. एकावर आठवड्याचे तास आणि खोल्या. दुसऱ्यावर विषयांचे रकाने आणि त्यांखाली विद्यार्थ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या, टाचणीने टोचलेल्या. विद्यापीठ छोटं, विद्यार्थी तीनशे बारा, पण मुभा मोठी: कुणीही कुठलेही दोन विषय जोडीने घ्यावेत. भौतिकशास्त्राबरोबर गाणं, इतिहासाबरोबर मातीकाम. मुलांची चैन होई आणि फळेबाईंच्या डोक्याला ताप. एकाच मुलाचे दोन्ही विषय एकाच तासाला येऊ द्यायचे नाहीत, हे त्यांचं काम. बावीस वर्षांत तसं एकदाही झालं नव्हतं, आणि हे त्या दिवसातून एकदा तरी कुणालातरी सांगत.

कुलसचिवांनी मोठ्या हौसेने संगणक आणला, तेव्हा फळेबाईंनी नाक मुरडलं नाही. त्याने केलेलं वेळापत्रक त्या दोन दिवस फळ्यावर ताडून पाहत आणि तीन चुका काढून कुलसचिवांच्या टेबलावर ठेवत. तिथून परतताना त्यांची चाल बघण्यासारखी असे.

माणसं ओळखण्यातही बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा, असं त्या म्हणत. विषय बदलायचा फॉर्म घेऊन मूल खिडकीशी आलं की त्याच्या तोंडाकडे एकदा बघायच्या. हे महिन्याभरात जुन्या विषयाकडे परत येणार असं वाटलं, तर फॉर्मवर पेन्सिलीने 'महिनाभर थांबू' लिहायच्या आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकायच्या. चिठ्ठी जागची हलत नसे. दहातले नऊ खरंच परत येत. दहावा आला नाही, तर त्या महिन्याने चिठ्ठी हलवत. ही पद्धत कुणाला ठाऊक नव्हती, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

यंदा सत्र सुरू झालं त्या सोमवारी शेवटच्या वर्षाची एक मुलगी खिडकीशी आली. वनस्पतिशास्त्राची हुशार मुलगी. जेवणघरातल्या लांब टेबलांवर प्राध्यापक, माळी, स्वयंपाकी, मुलं सगळे एकत्र जेवत. तिथे ही दोन वर्षं टोकाला बसून मुकाट्याने जेवायची. मग कुणीतरी तिला नाटकाच्या तालमीला ओढून नेलं, आणि तिचं हसणं थेट भटारखान्यात ऐकू यायला लागलं. सुट्टीआधी तिने गणित सोडून नाटक घेतलं होतं. आता तिच्या हातातल्या नव्या वेळापत्रकात वनस्पतिशास्त्राचं प्रात्यक्षिक मंगळवारी दहाला होतं आणि नाटकाचा वर्गही मंगळवारी दहालाच.

कुलसचिव तिथेच उभे होते. ते म्हणाले, फॉर्म आलाच नसणार, नाहीतर असं झालं नसतं. सत्र सुरू झाल्यावर वेळापत्रक हलत नाही. आणि मग अगदी मायेने म्हणाले, "गणितच घे की परत. ते तुला नीट बसतंय."

मुलगी गोंधळली. फॉर्म दिल्याचं तिला आठवत होतं, पण समोर फळेबाई बसलेल्या, आणि फळेबाईंकडे चूक होत नाही हे तर सगळं विद्यापीठ जाणत होतं. मीच विसरले असेन, असं ती पुटपुटली आणि गणिताच्या फॉर्मसाठी हात पुढे केला.

ड्रॉवरमध्ये काय आहे ते फळेबाईंना एकदम आठवलं. सुट्टीत बहिणीच्या आजारपणासाठी त्या गावी गेल्या होत्या आणि महिना कधी उलटला ते कळलंच नव्हतं. गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. शिवाय मुलगी गणितात परत येणार, हा त्यांचा अंदाजही खरा ठरला असता. ज्या बाई नाकावर माशी बसू देत नव्हत्या, त्यांनी ड्रॉवर उघडला, फॉर्म काढला आणि पेन्सिलीच्या अक्षरांसकट कुलसचिवांपुढे ठेवला. "हिने वेळेत दिला होता. मी दाबून ठेवला. चूक माझी आहे, आणि दुपारपर्यंत मीच निस्तरते."

कुलसचिव फॉर्म उचलून पेन्सिलीची अक्षरं वाचू लागले. बाई तोवर फळ्याशी पोहोचल्या होत्या.

तासाभरात त्यांना वाट सापडली. नाटकाचा वर्ग वरच्या लाकडी जमिनीच्या खोलीत नऊला घेतला तर सगळं सुटत होतं. नाटकाची चौदाही मुलं नऊला मोकळी होती. पण घोडं अडलं ते नऊवाल्या सरांपाशी. तत्त्वज्ञानाचे हे सर बावीस वर्षं त्याच खोलीत नऊलाच शिकवत आले होते. त्यांचा तास म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी त्यांच्याकडे बदल मागायला निघालं की फळेबाईच आडव्या येत: सरांना नऊच लागतात, त्यांना छळू नका.

जेवणघरात सरांसमोर ताट ठेवून बाई बसल्या आणि झालेलं सगळं सांगितलं, काही न लपवता. मग विचारलं, तास दहाला नेता येईल का.

सरांनी घास खाली ठेवला. "बाई, मला पहिल्यापासून दहाच हवे होते. लवकर उठणं माझ्या जिवावर येतं."

"मग कधी बोलला नाहीत?"

"पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात, तुमच्याकडे बघूनच कळतं, तुम्ही सकाळचे. इतक्या खात्रीने म्हणालात, की मला वाटलं, असेन बुवा."

शेजारचा माळी हसून हसून ठसकला. फळेबाई मात्र हसल्या नाहीत. बावीस वर्षं एक भला माणूस आपल्यामुळे जांभया देत तत्त्वज्ञान शिकवत होता, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

संध्याकाळी घरी चहा करताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, तुम्हाला बिनसाखरेचा आवडतो ना? घड्याळं दुरुस्त करणारा तो माणूस भिंगातून डोळा न काढता म्हणाला, "तू म्हणतेस तर आवडत असेल." बाईंनी मुकाट्याने दोन चमचे साखर घातली.

जित्याची खोड अशी एका दिवसात जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली, तेव्हा बाई तिच्या तोंडाकडे बघून काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी ओठ मिटले. गणिताच्या रकान्यातली चिठ्ठी त्यांनी स्वतः काढली आणि टाचणीसकट तिच्या तळहातावर ठेवली. मुलीने ती नाटकाखाली टोचली, अंगठ्याने घट्ट दाबली आणि सवयीने बाईंकडे वळून विचारलं, "इथेच ना?"

"मला नको विचारूस," फळेबाई म्हणाल्या. "तू सांग."