वहिनींचा जुना लॅपटॉप

"पायरीवर नको, खाली उभी राहा. फोटोत सगळं दिसलं पाहिजे."

वहिनी असं म्हणाल्या आणि मी खाली उतरले. चिऱ्याच्या तीन पायऱ्या. वर त्या आणि त्यांच्या मंडळाच्या सहा बायका. खाली मी. वहिनींच्या हातात काळा लॅपटॉप, त्याला लाल रिबीन. एकीने मोबाईल धरला. "हात पुढे कर. अगं, हस की जरा."

मी हात पुढे केले. हसलेसुद्धा. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

फोटो झाल्यावर वहिनी मैत्रिणींकडे वळल्या. "या लोकांना फुकटाची सवयच असते. पण आपण आपलं देत राहायचं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला ऐकू येत होतं.

मी काही फुकट मागितलं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण पुढे उलटंच पसरलं. रत्नागिरीत वहिनी आणि त्यांचे यजमान, सर, यांच्या घरी मी एकोणीस वर्षं भांडी घासली, लादी पुसली, नारळ खवून दिले, मासे साफ करून दिले. पण स्वयंपाकाच्या ओट्याला हात लावायचा नाही. का, ते कोणी बोलून दाखवलं नाही. मी पावस गावाच्या बाजूच्या एका बौद्धवाडीतली. माझा चहाचा कप मागच्या पडवीत, कठड्यावर. मीच धुवायचा, मीच तिथे ठेवायचा. मी त्याला त्या घराची पद्धत म्हणायचे. अपमान म्हणायला लागले असते तर कामावर जाता आलं नसतं.

माझा मुलगा मुंबईला कंपनीत. सून रेश्मा माझ्यापाशी. लग्नापायी तिचं बी.कॉम. अर्धं राहिलं होतं, ते तिने बाहेरून पुन्हा धरलं. जोडीला अकाउंटचा क्लास. रोजचा सराव मोबाईलवर होईना. मी भिशीचे पैसे उचलले. वहिनींचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कामात, म्हणून त्यांना विचारलं, "छोटासा, परवडेल असा लॅपटॉप कुठला घ्यावा? जरा त्याला विचारून सांगाल?"

मी सल्ला मागितला. त्यांनी दान केलं.

लॅपटॉप घरी आणला. रेश्मा हरखली. रिबीन सोडून तिने घडी घालून ठेवली. चालू केला तर वीस मिनिटांत बंद. पुन्हा लावला, तळहाताला चटका बसेल इतका तापला. तीन बटणं दाबली तरी अक्षरं उमटत नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने शहरात गेलो, दुरुस्तीवाल्याकडे. त्याने उलटा करून बघितला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"मावशी, हा तुमच्याकडे कसा? मागच्या महिन्यात सर घेऊन आलेले. मीच सांगितलं, बॅटरी फुगलीय, घरात ठेवू नका, पेट घेईल. भंगारात घाला."

भंगार आमच्या घरी आलं होतं. रिबीन बांधून.

त्याच दिवशी वहिनींनी टाकलेला फोटो मोबाईलवर फिरला. खाली लिहिलेलं, 'गरजू कुटुंबाला मदतीचा हात'. वाडीत सगळ्यांनी पाहिला. क्लासच्या मुलींनीही. मुंबईहून मुलाचा फोन. "आये, माझ्या बायकोला शिकायला भीक मागावी लागते का गो?" रेश्मा एवढंच म्हणाली, "आई, मी नाही जात क्लासला. पुरे झालं."

ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. माझा अपमान मी गिळला असता. सवय होती. तिला ती सवय लागू द्यायची नव्हती.

सकाळी मी पुढच्या दाराने गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. सर पेपर वाचत होते. मी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यातल्या टेबलावर ठेवला.

"याची बॅटरी फुगलीय. तुम्हाला ठाऊक होतं."

सरांनी पेपर खाली केला नाही. वहिनी आतून आल्या. "दिलेल्या वस्तूत खोट काढतेस? एवढा माज?"

"माझं घर पेटलं असतं, वहिनी."

"पेटलं तर नाही ना? आणि हवाय कशाला एवढा लॅपटॉप? तू थकलीस की रेश्माच येणार ना आमच्याकडे!"

रागाने नाही म्हणाल्या. सहज म्हणाल्या. उद्या सोमवार आहे, असं म्हणावं तशा. माझ्यामागची जागा त्यांनी भरूनसुद्धा ठेवली होती. माझी सून, मग तिची पोर. सगळ्यांसाठी तोच कठडा.

"ती नाही येणार. मीही उद्यापासून नाही. आणि तो फोटो आत्ता काढून टाका. माझ्यासमोर."

"नाही काढून टाकला तर?"

"तर दुरुस्तीवाल्याने काय सांगितलं, ते मी तुमच्या मंडळात येऊन सांगेन. सहाही बायकांसमोर."

त्यांनी मोबाईल घेतला. फोटो काढून टाकला. मी वाकून खात्री करून घेतली.

आठवड्याने भिशीचे पैसे घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुरुस्तीवाल्याने आधीच समजावलं होतं, मोठा स्क्रीन नको, रॅम आठची, आत एसएसडी हवी, वर्षाची वॉरंटी कागदावर घ्या. दुकानातला माणूस आमच्या मागे बघत म्हणाला, "सोबत पुरुषमाणूस कोणी?"

"वापरणार ही आहे. हिच्याशी बोला," मी म्हटलं.

त्याने महागडा पुढे केला. रेश्माने बाजूला सारला. आधी आवाज लहान होता, मग सुटला. रॅम किती? बॅटरी किती तास? मराठी टाइप होतं का, करून दाखवा. चार लॅपटॉप तिने उचलून पाहिले, कारण तो एसटीतून रोज न्यायचाय. शेवटी राखाडी रंगाचा, हलका, छोटा घेतला. पिशवी तिनेच धरली. मला हात लावू दिला नाही.

वहिनींनी चार घरी सांगितलं, बाई उर्मट आहे. दोन कामं मिळता मिळता गेली. आता एका खानावळीत मासे साफ करते. पाठ दुखते. रेश्माची परीक्षा जवळ आलीय. नापास झाली तर पुन्हा बसेल, मी पुन्हा फी भरेन.

पण माझ्या घरात आता कोणाचं टाकाऊ येणार नाही. कोणी उपकार घेऊन दारात आलं तर उंबऱ्याबाहेरच विचारणार, हे तुम्ही स्वतः वापराल का? नसाल वापरणार, तर उचला आणि चालू लागा.