आरसा लावायला काका आले

माझ्या मावशीच्या यजमानांइतका सावकाश खिळा मारणारा माणूस त्या काळी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत दुसरा नव्हता, आणि त्यांनी मारलेला खिळा उपटून काढू शकणाराही कुणी नव्हता. मरोळच्या एका कारखान्यात ते फिटर होते. आम्ही त्यांना नुसते काका म्हणायचो. कुणाकडे काम निघालं की पहिल्या रविवारी काका फक्त भिंत बघायचे. बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान लावायचे, मान हलवायचे. घरातली माणसं डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत राहायची. जोगेश्वरीच्या एका बिऱ्हाडात त्यांनी फळी ठोकायला साफ नकार दिला होता, कारण ती भिंत म्हणे "मनापासून उभी नाय." कुणी घाई केलीच तर म्हणायचे, "गडबड कित्याक? भिंत खंय पळान जाता?"

आम्ही मालाडला ब्लॉक घेतला तेव्हा बाथरूमच्या टाइल्सही त्यांनीच पसंत केल्या होत्या. त्यांच्या घरी होत्या तशाच, किंचित हिरवट पांढऱ्या. आरसा मात्र आठ महिने पलंगाखाली पडून होता. मी पावणेसहा फूट, बायको चार फूट दहा. किती उंचीवर लावायचा यावर आमचं एकमत होईना. काकांनी आम्हा दोघांना भिंतीला टेकवून पेन्सिलीच्या खुणा केल्या, बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला, "तुका वाकूक येता, तिका वाढूक येवचा नाय." आरसा तिच्या उंचीवर ठरला.

दुसऱ्या रविवारी ते हातड्रिल घेऊन आले. टोक घसरू नये म्हणून त्यांनी टाइलवर चिकटपट्टी लावली, आरशामागे घालायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापल्या. तीन भोकं लोण्यात पडावीत तशी पडली. चौथ्याला टच्च असा आवाज झाला आणि टाइल या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. काकांच्या हातून असं झाल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ते पालथ्या बादलीवर बसून राहिले. चहा निवला.

बायको म्हणाली, "काका, आरशामागे झाकून जाईल हो ती!"

"झाकतली. पण असतली मां थंय?" म्हणाले आणि उठून गेले.

ते गेल्यावर बायको मला हळूच म्हणाली, "ड्रिल धरताना त्यांचा हात थरथरत होता. तुम्ही नाही पाहिलंत?" मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली टाइल घेऊन ते हजर. अगदी तोच हिरवट पांढरा. तो माल दुकानांतून केव्हाच गेला होता, म्हणून मी विचारलं, "कुठे मिळाली?" "गावली," एवढंच. तडकलेली काढून त्यांनी नवी बसवली आणि सिमेंट सुकू दे म्हणून आठवडाभर थांबायला सांगितलं. मधल्या दिवसांत मावशी येऊन गेली. हसावं की रागवावं हे तिचं तिलाच कळत नव्हतं. "चार दिवस खरवडत होते. आमच्या न्हाणीचो दात काढल्यानी आणि तुमका बसवल्यानी!"

मग आला चौथा रविवार. काकांनी खूण केली, पट्टी लावली आणि ड्रिल माझ्या हातात दिलं. "आज तू."

मी "नको" म्हणेपर्यंत ते बादलीवर बसलेही होते. माझा हात वाकडा गेला की मागून खोकायचे. सरळ झाला की गप्प. आरसा लागला. त्यांनी पाण्याच्या हाताने केस बसवले, स्वतःकडे थोडा वेळ पाहिलं आणि हत्यारांची पिशवी माझ्या दाराशी ठेवून निघून गेले.

त्यानंतर त्यांना कुठून बोलावणं आलं की ते मला घेऊन जायचे. भिंतीला कान ते लावायचे, ड्रिल मी धरायचो आणि मागून खोकला यायचा. लोक हसायचे, मीही हसायचो. पुढे पुढे खोकला कमी होत गेला, आणि शेवटच्या दोन-चार कामांत तर ते नुसते बसून असायचे. माझा हात सुधारला होता की त्यांना दिसेनासं झालं होतं, हे विचारायचं माझ्या फार मनात होतं. पण विचारायचं जिवावर आलं, आणि ते राहूनच गेलं.