रेवदंड्याला मोटार मोजताना

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली तेव्हा माझ्या पिशवीत मापाची एक टेप होती आणि आमच्या सहकारी मंडळाचा छापील तक्ता. तक्त्यात तीन रकाने : माणसे, माल, उणिवा. रेवदंड्याच्या सात कोळणींसाठी लष्कराच्या लिलावातली मोठी स्टेशन वॅगन घ्यावी की नाही, हे माझ्या मापांवर ठरणार होते. मोटारीतले मला काही कळत नाही. पण मासळीची ओली पाटी बसमध्ये चढू देत नाहीत आणि या बायका डोक्यावर ओझे घेऊन अलिबागपर्यंत चालतात, यावरचे जळजळीत पत्रक मीच लिहिले होते. म्हणून मलाच धाडले.

लिलावात ती गाडी घेतलेले हसनमियाँ ती घेऊनच रेवसला आले होते. चौलच्या नारळी-पोफळींतून जाताना आसनाची एक स्प्रिंग मला सारखी टोचत होती. त्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर हवे होते. दुसरे गिऱ्हाईक तयार होते.

कोळीवाड्यात चंद्राबाईंनी तांदळाची भाकरी आणि जवळा (सुकी बारीक कोळंबी) वाढला. त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही. होळीपासून त्यांनी बाजार पाहिलेला नाही. गाडी खरी त्यांच्यासाठीच हवी होती.

मी माप घेतले : बाकांवर आठ माणसे, मागे चार पाट्या. उरलेल्या तीन पाट्या दुसऱ्या खेपेला, असे सांगताच बायका हसत सुटल्या. इथे पाटी नजरेआड करून कोणी बसत नाही.

चंद्राबाईंची जाऊ काशीबाई म्हणाली, "पोराला मागं टाकून कोन जातं, बाला? ती बाकां काढ."

मी पेटलो. स्वतंत्र देशाच्या कष्टकरी स्त्रियांनी गाडीच्या फळीवर बसायचे? बराच वेळ बोललो. बायकांनी शांतपणे ऐकून घेतले.

हसनमियाँ म्हणाले, "साहेब, भाषण झालं असेल तर पाना देतो."

बाके वाळूत उतरली. सहाजणी सहा पाट्या पुढ्यात घेऊन मांडी घालून बसल्या. चंद्राबाई खालीच उभ्या. त्यांना मांडी घालता येत नव्हती आणि एक बाक परत बसवावे तर दोन पाट्या उतरत होत्या. मी पुन्हा टेप काढून फळी मोजू लागलो.

चंद्राबाईंनी आत आडव्या पडलेल्या स्टेपनीवर थाप मारली. "ही मोजलीस काय रं?"

मोजली नव्हती. त्या तिच्यावर टेकल्या, पाय लांब केला, पाटी पायाशी ओढली.

"चल आता. म्हावरं (मासळी) थांबनार नाय."

अलिबागच्या बाजारात त्यांची हाक सगळ्यांत खणखणीत होती.

हसनमियाँना होकार देऊन निघालो आणि परतीच्या लाँचमध्ये तक्ता काढला. माणसांच्या रकान्यात आठ लिहून खोडले, सात केले. मालाच्या रकान्यातही सातच आले. फळीवर बसण्याला माझा विरोध अजून आहे. तो कुठे नोंदवावा ते कळेना. गाडी घ्यावी, बाके नकोत, एवढे लिहिले. उणिवांचा रकाना कोरा ठेवणे प्रामाणिकपणाचे वाटले नाही. तिथे लिहिले : पंक्चर झाल्यास चंद्राबाईंना उठावे लागेल.